ज्ञानूचा पाय

कोल्हार, १२ ऑगस्ट २०२५

चि. ज्ञानेश्वरीस,
दादाचे आशीर्वाद.

यंदा तुझी राखी आली नाही. गेली दोन वर्षं ती पोस्टानं यायची. आत ना चिठ्ठी ना चपाटी, नुसता दोरा आणि पाकिटावर तुझं ते उजवीकडे झुकलेलं अक्षर. तेवढ्यावर मी वर्ष काढायचो. या वेळी शनिवार गेला, सोमवार गेला, पोस्टमन काल गल्लीतून गेला तो आमच्या दाराकडे न बघताच. शेवटी राजनंदिनीनं दुकानातून आणलेली एक राखी माझ्या मनगटाला बांधली आणि वर ओवाळणीही मागितली. बापाला राखी बांधणारी ही एकटीच असेल. मी हसलो. दुसरं काय करणार, रागावून उठून जायची सोय नाही माझी.

तू आई होणार हे मला शेजारच्या आक्काबाईकडून कळावं, ही काय रीत झाली? ती खिडकीशी येऊन म्हणाली, "सुनील, मामा व्हनार तू! नववा लागला की ग्यानूला." आई आत डिंक निवडत होती, तिनं घाईनं सुपावर फडकं टाकलं. लग्नाला नऊ वर्षं, किती दवाखाने, किती नवस, आणि बातमी लागली ती सगळ्या गल्लीला, मला सोडून. तुझ्या वहिनीला, मोनिकालाही ठाऊक होतं. माझ्या खाटेपर्यंत बातम्या उशिराच पोचतात.

पहिलं बाळंतपण माहेरी असतं, हे मी तुला सांगायला नको. आईनं डिंक, हाळीव, खारीक सगळं आणून डब्यांत भरलंय. आणि तुझा निरोप काय, तर त्या घरात मी पुन्हा येणार नाही, आईनं हट्ट करू नये.

ज्ञानू, मी तुला कधी एका शब्दानं बोललोय का? मी खाटेला खिळलो त्याला दिवाळीला तीन वर्षं होतील. तू पायाळू, पायाकडून जन्मलेली, हा काही तुझा गुन्हा नाही. पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण जाते, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तू फ्रॉकात होतीस तेव्हापासून अर्धं कोल्हार तुझ्यापुढं पालथं पडायचं. तू तीन वेळा पाय ठेवायचीस, माणसं उठून चालायला लागायची आणि जाताना तुझ्या हातावर लिमलेटच्या गोळ्या ठेवायची. त्यातल्या निम्म्या मी खायचो. माझ्या पाठीच्या वेळी सगळं उलटं झालं. मी कुणापाशी तुझं नाव घेऊन रडलो नाही, हवं तर आईला विचार.

तुझा नवा नंबर आईकडे आहे, पण तू तिला शपथ घातलीस म्हणे. नंबर मिळाला तरी बोलणार कसा? दोन खोल्यांचं घर, इकडं शिंकलं तर तिकडं ऐकू जातं. म्हणून हे पत्र. दाजींना नमस्कार सांग.

तुझा दादा
सुनील


कोल्हार, १५ ऑगस्ट

चि. ज्ञानू,

पहिलं पत्र अजून इथंच आहे. पत्र पोस्टात टाकायचं म्हणजे ते मोनिकाच्या हातात द्यावं लागतं, आणि पाकिटावर तुझं नाव बघून ती काय करील याचा मला भरवसा नाही. राजनंदिनीला द्यावं तर ती आईपासून काही लपवत नाही. म्हणून ते माझ्या पाना-पकडीच्या पिशवीत ठेवलंय. ती पिशवी अजून खिडकीच्या गजाला टांगलेली असते आणि तिला कुणी हात लावलेला मला खपत नाही. वायरमनची हत्यारं आहेत ती, गेली तीन वर्षं बिनकामाची.

आज सकाळी शाळेतून झेंड्याची गाणी ऐकू आली. मी खिडकीतून जेवढं दिसतं तेवढं पाहिलं. दिसतं काय, तर आक्काबाईची न्हाणी आणि चिंचेची एक फांदी. दर दोन तासांनी मोनिका मला वळवते, म्हणजे दोन तास न्हाणी आणि दोन तास भिंत. भिंतीवर एक पोपडा आहे. तो गेल्या पावसाळ्यात तळहाताएवढा होता, आता ताटाएवढा झालाय. दुपारी मोनिका नदीवर नाहीतर दळणाला गेली आणि यायला उशीर झाला, तर मी घड्याळ बघत पडून असतो. हाक मारून उपयोग नसतो. आईच्यानं मी हलत नाही, ती अडुसष्ट वर्षांची आहे. कधी कधी वाटतं की आपल्याला कुणीतरी मानेपर्यंत जमिनीत पुरून ठेवलंय आणि वर माणसं येऊन जाऊन चहा पितायत.

असो. तुला गंमत सांगायची होती. दर गुरुवारी मनवा मॅडम येतात, व्यायाम करून घेणाऱ्या. तरुण आहेत, नगरच्या, घरात सगळे शिक्षक, त्यामुळं शिकवल्याशिवाय राहवत नाही त्यांना. काल मी विचारलं की मॅडम, मोडलं एक हाड आणि बंद पडलं अर्धं शरीर, हा काय हिशेब? तर त्यांनी बॉलपेन काढलं आणि माझ्या अंगावरच नकाशा काढायला बसल्या. मोनिका बघतच राहिली.

पाठीच्या कण्यातून नसांच्या एकतीस जोड्या निघतात. मानेतून आठ, छातीच्या मागून बारा, कमरेतून पाच, त्याखाली बैठकीच्या हाडातून पाच आणि माकडहाडाची एक. प्रत्येक जोडीचं गाव ठरलेलं. मानेतली तिसरी, चौथी, पाचवी श्वास चालवते. सहावी मनगट उचलते, आठवी बोटं मिटवते. त्या माझ्या शाबूत आहेत म्हणून तर तुला लिहितोय. छातीची चौथी स्तनापाशी, दहावी बेंबीपाशी. कमरेची पहिली जांघेत. मॅडमनी उजव्या अंगानं टाचणी टोचत टोचत खाली आणली, जांघेपर्यंत मी 'टोचलं, टोचलं' म्हणत होतो, त्याच्या खाली बोटभर गेल्या आणि मला काहीच कळेना. तिथं त्यांनी रेघ मारली. त्या रेघेच्या वर मी आहे.

मी वायरमन, मला हे एका झटक्यात समजलं. एक डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, त्यातून निघालेल्या एकतीस सर्व्हिस वायरी, ज्याची त्याची वायर ज्याच्या त्याच्या घरात. मॅडम म्हणाल्या, अगदी तसंच, फक्त तुटलेली जोडता येत नाही.

पण एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. आपण समजतो की पाय सगळ्यात खाली, म्हणजे पायाची नस सगळ्यात शेवटची. तसं नाही. मांडी, गुडघा, नडगी, अंगठा या कमरेच्या नसा, करंगळी आणि टाच बैठकीच्या पहिलीची. त्यांच्याही खालच्या, अगदी शेवटच्या नसा बसायच्या जागेच्या. लघवी, संडास त्यांच्याच हातात. पाय चालत असतानाही त्या आधी जाऊ शकतात आणि माणसाला वाटतं, काही नाही, जरा मुंग्या आल्यात. मॅडम म्हणाल्या, ही सगळ्यात धोक्याची खूण, अशा वेळी माणसाला फळीवर बांधून दवाखान्यात न्यायचं असतं.

मग त्यांनी सहज विचारलं, "पाठीवर पाय ठेवायच्या आधी तुम्हाला बसायच्या जागी बधिर वाटत होतं का? त्या दिवशी लघवी झाली होती?"

मोनिका चहाचे कप घेऊन दारात उभी होती. मी म्हटलं, आठवत नाही.

सु.


कोल्हार, २३ ऑगस्ट

ज्ञानू,

आई काल तुझ्याकडून आली. पोळ्याचे बैल दारावरून मिरवत होते, घुंगरांच्या आवाजात ती काय बोलते ते ऐकू येत नव्हतं, म्हणून तिनं खाटेच्या कडेला बसून माझ्या कानाशी सगळं सांगितलं. एरवी ती तुझं माझ्यापाशी काही बोलत नाही. काल तिला राहवलं नाही.

बाळ पायाळू आहे म्हणे. सोनोग्राफीत पाय खाली, डोकं वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून दिवस आहेत, फिरेल, नाही फिरलं तर सिझर करू, यात घाबरण्यासारखं काही नाही. आणि तू दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलीस. आईनं तुझे शब्द तसेच्या तसे सांगितले. "आई, म्या दादाचं वाटोळं केलं ना, म्हनून देवानं माझ्याच पोटात तसलं घातलं. ह्येच्या पायानं आनखी कुनाचं वाटोळं व्हनार?"

आई असंही म्हणाली की तू रात्रंदिवस पायमोजे घालून असतेस. झोपतानासुद्धा. दाजींना चुकून पाय लागला तर उठून बसतेस. उन्हाळ्यात सगळे पंख्याखाली तडफडत होते आणि तुझ्या पायात लोकरीचे मोजे. तीन वर्षं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी भिंतीकडं तोंड करून होतो. आईला म्हटलं, मला झोप आलीय.

ज्ञानू, मी पहिल्या पत्रात लिहिलं की मी तुला कधी एका शब्दानं बोललो नाही. ते खरं आहे आणि तीच माझी लबाडी आहे. एक शब्द बोललो असतो तर तुझ्या पायातले मोजे निघाले असते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून मी ती दाबून धरली, आणि आत काय आहे ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. उद्या लिहितो.


कोल्हार, २४ ऑगस्ट, रविवार दुपार

ज्ञानू,

मोनिका आणि राजनंदिनी गणपतीचं सामान आणायला बाजारात गेल्यात. आई झोपलीय. आता सांगतो.

मी पडलो होतो.

त्या दिवशी, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, मी सकाळी घरात सांगितलं की बन्सीनानांच्या विहिरीवर मोटार उचलायला चाललोय. मोटार नव्हती. नानांच्या बांधावरच्या डीपीचा फ्यूज उडाला होता. दिवाळीची सुट्टी, कंपनीचा वायरमन फोन उचलेना, नानांची कांद्याची रोपं वाळून चालली होती. नाना म्हणाले, "सुनील, तुज्याबिगर कोन हाय रं आता?" असं कुणी म्हटलं की मी विरघळतो, तुला माहीतच आहे. मी डीपीवर चढलो. फ्यूज बसवला, उतरताना वर ठिणगी उडाली, मी दचकून हात सोडला. दहा-बारा फूट असेल. खाली बांधाचे दगड होते, त्यांच्यावर बसलेल्या अवस्थेत आदळलो.

चढायला मला बंदी होती. छगन आठवतो ना, माझ्याबरोबर काम करायचा तो? आदल्या वर्षी तो खांबावरच चिकटून गेला. त्याला खाली उतरवून मी घरी आलो, तेव्हा मोनिकानं राजनंदिनीला झोपेतून उठवून आणलं, माझा हात पोरीच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "म्हना, पुन्यांदा चढनार न्हाई." मी म्हटलं. त्यानंतर मी फक्त जळक्या मोटारींत तार भरायचं काम करायचो, जमिनीवर बसून. वर्षभर पाळलं. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मी दहा फुटांसाठी मोडली.

दगडावर दहा मिनिटं बसलो. नानांना म्हटलं, कुणाला बोलाल तर याद राखा. नानाही घाबरलेले, त्यांच्या डीपीवर परवानगीशिवाय माणूस चढलेला. त्यांनी तोंड शिवून घेतलं. दरवर्षी कांद्याची एक गोणी पाठवतात, आणि मोनिका म्हणते, बघा, किती मायाळू माणूस. मग उठलो. चालता येत होतं ज्ञानू, चालत गाडीपर्यंत गेलो, गाडी चालवत घरी आलो. वाटेत एवढंच जाणवलं की खाली सीटच नाही. म्हणजे सीट होती, मी तिच्यावर बसलोही होतो, पण बसल्याचं कळत नव्हतं. पाय सगळं ऐकत होते. सकाळपासून लघवीला गेलो नव्हतो आणि जावंसंही वाटत नव्हतं. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

मनवा मॅडमनी जेव्हा बॉलपेननं नकाशा काढला आणि म्हणाल्या की सगळ्यात शेवटच्या नसा बसायच्या जागेच्या, आणि त्या आधी जातात, तेव्हा मला समजलं की मी घरी पोचलो तेव्हाच निम्मा संपलो होतो. तुझा पाय त्याच्यानंतर लागला.

घरी आल्यावर मी म्हटलं, मोटार उचलताना उसण भरली. आई म्हणाली, ग्यानू हाय की घरात. तू स्वयंपाकघरातून हात पुसत आलीस. तुला ते करायचं नव्हतं. तू लग्नानंतर ते सोडलंच होतंस, म्हणायचीस की आता लोकांनी एक्सरे काढावेत. तरी मी पालथा झोपलो. तेव्हा तू वाकून मला विचारलंस. तुला आठवतं का? मला शब्द न् शब्द आठवतो. "दादा, नुसती उसनच हाय ना? पडला-बिडला न्हाईस ना कुठं?"

मोनिका पलीकडं उभी होती. मी म्हटलं, "न्हाई गं, ठेव पाय."

तू विचारलं होतंस. एवढंच मला तुला सांगायचंय. तू विचारलं होतंस आणि मी खोटं बोललो. पडलो म्हणालो असतो तर तू पाय उचललाही नसतास, ओरडून गाव गोळा केलं असतंस. तुझ्या पायानं काहीच झालं नाही असं मी लिहिणार नाही. तिसऱ्या वेळी आत काहीतरी सरकलं आणि संध्याकाळपर्यंत पाय गेले, हे तुलाही ठाऊक आहे. न तुडवता दवाखान्यात गेलो असतो तर आज चाललो असतो की नाही, ते देव जाणे, मॅडमनाही सांगता येत नाही. पण त्या पायाखाली मोडका मणका मी ठेवला. जाणूनबुजून नाही, पण लपवून ठेवला.

नगरला डॉक्टरांनी दोनदा विचारलं, कुठून पडलात का? असा मणका पाय ठेवून फुटत नाही. मी डोळे मिटून घेतले. तेव्हा मोनिका बाहेर तुला सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमच्या पायानं माझा संसार मोडला." मी स्ट्रेचरवर होतो, दार उघडं होतं, मला स्पष्ट ऐकू आलं. आणि ज्ञानू, तुला वाईट वाटेल, पण मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं. की चला, शपथेचं कुणाला कळणार नाही. तू चप्पल न घालता जिना उतरून गेलीस असं नंतर आई म्हणाली.

पहिल्या महिन्यात सांगायचं ठरवलं होतं. मग वाटलं, घरी गेल्यावर. मग वाटलं, दिवाळीनंतर. जितके दिवस जास्त, तितकं खोटं मोठं होत गेलं. आणि आता तर मी जिच्या हातावर जगतो तीच मोनिका आहे. ती वळवते म्हणून मला जखमा होत नाहीत. ती नळी घालते म्हणून लघवी होते. तिला मी कुठल्या तोंडानं सांगू की बाई, तुझ्या पोरीची शपथ मी मोडली, तुझ्या नणंदेला मी तुझ्याकडून शिव्या खाऊ घातल्या, आणि आता मला जरा कुशीवर कर?

त्या दोघी आल्या. फाटकाचा आवाज झाला.


कोल्हार, २६ ऑगस्ट

ज्ञानू,

काल दिवसभर या पत्राचं काय करावं हा विचार केला. पोस्टमनला खिडकीतून हाक मारता येईल. आक्काबाईला द्यावं तर ती आधी वाचेल आणि मग टाकेल. मॅडम गुरुवारी येतील, त्यांच्या पर्समध्ये सरकवता येईल. तीन वाटा होत्या आणि तिन्ही मोनिकाच्या पाठीमागून जाणाऱ्या. मी लपवाछपवीत एवढा तरबेज झालोय की खरं सांगतानाही मला चोरवाटच सुचते.

उद्या गणपती बसतील. आई म्हणते, तुझी तारीख वीस दिवसांवर आली. बाळ फिरलं नाही. तू अजून रडतेस आणि म्हणतेस, मुलगा-मुलगी काही असो, नाळ तुटली की दाजींच्या बहिणीकडं द्या, मला त्याला हात लावायचा नाही. हे ऐकल्यावर माझी चालढकल संपली. मी इथं पडून असलो तर असलो, पण त्या जिवानं काय केलंय?

आज दुपारी मोनिका वळवायला आली की ही सगळी पत्रं तिच्या हातात देणार, पाकीट न चिकटवता. म्हणणार, आधी तू वाच, मग टाक. भीती वाटते. खांबावर चढताना कधी वाटली नाही एवढी वाटते. ती गेली तर मी आठ दिवसही टिकणार नाही, आणि तिनं जावं एवढा तिचा हक्क आहे.


कोल्हार, ३१ ऑगस्ट

ज्ञानू,

हे पत्र राजनंदिनी पोस्टात टाकणार आहे. तिला मी सांगितलंय की उघडून वाचलंस तरी चालेल.

पत्रं तुझ्यापर्यंत कशी आली ते तुला माहीत आहे, पण इकडचं माहीत नाही. मोनिकानं ती उंबऱ्यावर बसून वाचली. तिला वाचायला वेळ लागतो. मी न्हाणीकडं तोंड करून होतो, तिची फक्त पाठ दिसत होती. संपल्यावर तिनं सगळे कागद पुन्हा ओळीनं लावले. मग आत येऊन म्हणाली, "दोन दोन तासाला वळवते मी तुमाला. तीन वर्सं. येका बी टायमाला सांगावंसं वाटलं न्हाई?" मग ती म्हणाली, "माझ्याच तोंडानं बोलवून घेतलं तुमी त्या बिचारीला." आणि रडली. तुझ्यासाठी रडली ज्ञानू, माझ्यासाठी नाही. तिला असं रडताना मी छगनच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरात गणपती यायचा आणि ही सकाळी नवं लुगडं नेसून, पत्रं पिशवीत घालून निघाली. कुठं जाते ते सांगितलं नाही. तिचं माहेर राहुरीकडं, तू संगमनेरला, दोन्हीकडं जायला स्टँड एकच. आईला वाटलं, गेली. आईनं आणि राजनंदिनीनं मिळून मला कसंबसं एकदा वळवलं, आई धापा टाकत खाली बसली. मग कुणी वळवलं नाही. सहा तास मी भिंतीसमोर होतो. त्या सहा तासांत मी देवाचं नाव घेतलं नाही. मी फक्त बसचा आवाज ऐकत होतो, आणि प्रत्येक बस पुढं जात होती.

चारच्या सुमारास आईच्या फोनवर तुझा फोन आला. राजनंदिनीनं माझ्या कानाशी धरला. तू काय बोललीस ते तुला पुन्हा सांगायला नको. पण ज्ञानू, लहानपणी मी तुझ्या गोळ्या खाल्ल्या की तू जशी भांडायचीस, तसा आवाज होता. "म्या तुला इचारलं व्हतं का न्हाई? इचारलं व्हतं!" हे तू तीनदा म्हणालीस. मी म्हटलं, व्हय, इचारलं व्हतंस. मग तू म्हणालीस की तुझं तोंड बघायचं नाही, बाळंतपणाला आईला पाठव, मी येणार नाही, आणि माझ्या लेकराला कुणी पायाळू म्हणून हिणवलं तर तंगडी मोडीन. फोन ठेवलास. माझ्या छातीवरून धोंडा उतरला. रागाव, हवं तितकं रागाव, मला त्याचं काही वाटत नाही.

आई काल गेली. डिंकाचे लाडू, हाळीव, सगळे डबे घेऊन गेली. तुझ्याजवळ दोन महिने राहील. तिच्याशिवाय दुपारी घर फार मोठं वाटतं.

मोनिका त्या दिवशी दिवेलागणीला परत आली. तुझ्याकडं गेली होती हे मला तुझ्या फोनवरून कळलंच होतं, पण परत येईल की नाही ते कळलं नव्हतं. तुम्ही दोघी काय बोललात ते ती सांगत नाही, आणि मी विचारत नाही. घरात चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. दोन तास झाले की येते, वळवते, नळी घालते, निघून जाते. हात तसेच, पण चेहरा दुसरीकडं.

एक खोटं अजून शिल्लक होतं. ते मी तुलाही लिहिलं नव्हतं. गेल्या वर्षी तिला फार निराश बघून मी म्हटलं होतं की डाव्या मांडीवर थोडं थोडं कळायला लागलंय. तेव्हापासून ती रोज रात्री जेवण झाल्यावर तिथं तेल चोळायची आणि विचारायची, कळतंय का? मी म्हणायचो, कळतंय, कालच्यापेक्षा जास्त. तिनं शेजारीपाजारी सांगितलं होतं. पोरीलाही ती म्हणाली होती की बाबा दहावीच्या निकालाला काठी घेऊन चालत येतील.

आज रविवार. चार दिवसांनी ती पहिल्यांदा खाटेवर बसली. डाव्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "आता खरं सांगा. हितं कळतंय?"

मी म्हटलं, "न्हाई मोनिका. कधीच कळलं न्हाई."

तिनं मान हलवली. हात काढून घेतला नाही. किती वेळ तिचा हात तिथं होता, ते मला डोळ्यांनीच बघावं लागलं.

तुझा
दादा